हर्णैचं बिनमिठाचं मासळीखत आणि माझं खुरटलेलं हापूसचं कलम

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर बायकांचा एक बचत गट आहे. विकली न गेलेली बारीक मासळी, डोकी, काटे हे सगळं त्या उन्हात कडकडीत वाळवतात, कुटतात आणि पोत्यात भरून खत म्हणून विकतात. २५ किलोचं पोतं मी मे २०२४ मध्ये ९०० रुपयांना घेतलं. एक हापूसचं कलम, एक माड आणि एक कढीलिंब यांना ते दीड वर्ष घातलं. तळाशी चार-पाच किलो उरलंय. एवढ्या वापरानंतर मत द्यायला हरकत नसावी.

खत चांगलं आहे. आमच्याकडच्या जांभ्याच्या जमिनीला तर फारच चांगलं, आणि मी ते पुन्हा घेणार आहे. पण हे वाचून कोणी उद्याच पोतं आणून रोडावलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, म्हणून आधी झाडाची हकीकत सांगते. खताचा गुण त्या हकिकतीशिवाय कळायचा नाही.

आम्ही आंजर्ल्याचे. घर डोंगराच्या पायथ्याशी, खालची पुळणीची जमीन संपून जांभा सुरू होतो तिथे. परसात सासऱ्यांनी लावलेला हापूस होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तो मुळासकट गेला. त्या दिवशी आमच्या किनाऱ्याला नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं उडाली, पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. एका आंब्याचं दुःख करायला कोणाला सवड होती? मला ते जाणवलं पुढच्या वर्षी मे महिन्यात, आढी घालायच्या खोलीत शिरले तेव्हा. गवत होतं, आंबे नव्हते.

जून २०२१ मध्ये जुन्या जागेपासून दहा-बारा फुटांवर नवं कलम लावलं. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. पहारीने जांभा फोडून काढायला दोन माणसांना दीड दिवस लागला. शेणखत, चांगली माती, सुपर फॉस्फेट, सगळं रीतसर भरलं. काठी रोवली, कुंपण केलं. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी पाणी.

आणि दोन वर्षांनी, मे २०२३ मध्ये, त्याची उंची होती दोन फूट एक इंच. पानं अकरा. आकडे असे नेमके सांगते आहे कारण ते वहीत आहेत. मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, गावात अजून मला सिस्टर म्हणतात. वजन, उंची, तारीख लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलांची वही बंद झाली तशी झाडांची सुरू झाली.

त्या दोन वर्षांत कलमाला काय काय घातलं तेही वहीत आहे. ऑगस्ट २०२२ ला शेजारच्या तात्यांच्या सांगण्यावरून मूठभर युरिया. पालवी आली, आठ दिवसांत शेंडे काळे पडले. मग जीवामृत, तीन वेळा. मग दुकानातून आणलेली टॉनिकची बाटली, साडेतीनशे रुपयांची, पानांवर फवारायची. ती फवारल्यावर पानं दोन दिवस तकतकीत दिसायची, तेवढंच. पुन्हा शेणखत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उचल घेईल. झाड जागचं हलेना. पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा मासळीखत आणलं, पण ते हर्णैचं नव्हतं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. स्वस्त होतं, दहा किलो अडीचशे रुपयांना. एक किलो आळ्यात पसरलं, मातीने झाकलं, पाणी दिलं. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, कोणी कडेकडेने उदबत्ती फिरवत नेल्यासारख्या. टोकापासून सुरू होऊन आत सरकत गेल्या. अकरापैकी पाच पानं गळली.

मीठ. ते खत म्हणजे खारवलेल्या सुक्या मासळीचा उरलासुरला चुरा होता. खाण्यासाठी मासळी सुकवताना मीठ लावतातच. ती खराब झाली, विकली गेली नाही, की तीच कुटून खत म्हणून खपवायची. माडाला हे चालून जातं. माड खाऱ्या वाऱ्यात आणि खाऱ्या पाण्याशेजारी वाढतो, त्याला मीठ मानवतं. आंब्याला नाही. मिठातलं क्लोराइड आंब्याच्या पानांत साठतं आणि कडा जाळतं. म्हणून तर जाणते बागायतदार आंब्याला पालाश (पोटॅश) देताना म्युरेट ऑफ पोटॅशपेक्षा सल्फेट ऑफ पोटॅश पसंत करतात. म्युरेट म्हणजे क्लोराइडच. हे मला तेव्हा माहीत असतं तर ती पाच पानं वाचली असती. मग चार दिवस रोज चार-चार बादल्या पाणी आळ्यात सोडलं, मीठ मुळांच्या खाली धुऊन जावं म्हणून. झाड वाचलं, पण जेमतेम.

त्या रात्री मी खूप अस्वस्थ होते. माझी सगळी नोकरी कुपोषित मुलांच्या मागे वाड्या-वस्त्या फिरण्यात गेली. दंडाला पट्टी लावायची, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल तीव्र कुपोषित. अशा मुलाला आईने मायेने एकदम पोटभर खाऊ घातलं तर त्याच्या जिवावर बेततं, हे आम्हाला सुरुवातीच्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं. आधी जुलाब आहेत का, ताप आहे का, जंतुसंसर्ग आहे का ते बघायचं. मग थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. मुलाची भूक परतली की मगच आहार वाढवायचा. शेकडो आयांना मी हे सांगितलं. आणि स्वतःच्या परसातल्या रोपाच्या बाबतीत दोन वर्षं तपासणी न करता नुसतं भरवत राहिले.

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये, पाऊस संपून माती मोकळी झाल्यावर, आळ्याच्या एका बाजूने हळूहळू उकरलं. कुदळ नाही, खुरपं आणि हात. वरची चार बोटं माती ठीक होती, त्यात पांढरी तंतुमुळं होती. त्याखाली माती करडी, चिकट, कुबट वासाची. तिथली मुळं काळपट, चिमटीत धरून ओढलं की साल हातात यायची, आत नुसता दोरा. फूट-सव्वा फुटाखाली जिवंत मूळ एकही नव्हतं.

कारण उघड होतं. जांभ्यात फोडलेला खड्डा म्हणजे दगडी डोणी. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अख्खा जांभा पाणी पितो असं आपण म्हणतो, पण खाली कठीण थर लागला की पाणी तिथेच थांबतं. चार महिने मुळं पाण्यात, त्यांना श्वास नाही. श्वास न घेणारं मूळ काही उचलू शकत नाही, तुम्ही सोनखत घाला नाहीतर मासळीखत. उलट वरून टाकलेला युरिया त्या चार बोटांतल्या तेवढ्याच मुळांवर येतो आणि त्यांनाही भाजतो.

दुसरी गोष्ट मला माती बाजूला केल्यावरच दिसली. कलमाचा जोड मातीत गेला होता. दोन-अडीच वर्षं आळ्यात शेणखत आणि माती टाकत गेल्यामुळे तो झाकला गेला, आणि जोडाच्या खालून, म्हणजे कलम ज्या गावठी रायवळ आंब्याच्या खुंटावर बांधलेलं असतं त्यातून, एक फुटवा निघून हापूसच्या फांदीला चिकटून वर गेला होता. राहिलेल्या सहा पानांपैकी तीन त्या रायवळाची होती. मी ज्याला माझं हापूस म्हणून पाणी घालत होते त्याचं निम्मं अंग दुसऱ्याच झाडाचं होतं. आणि फुटवा हापूसपेक्षा जोमदार होता. खुंट आपल्याच फुटव्याला आधी जेवू घालतो.

माती तपासायला दापोलीला कृषी विद्यापीठात दिली. तिथे जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की नुकतंच खत टाकलेल्या जागेतली माती घेऊ नका. आळ्याच्या परिघावर तीन-चार ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडून घ्या, सावलीत वाळवा, एकत्र करा, अर्धा किलो पुरते. फळझाडासाठी एक फुटाची आणि दोन फुटांची माती वेगवेगळी द्यावी. माझ्या मातीचा सामू (पीएच) ५.४ आला, म्हणजे चांगलीच आम्लधर्मी. सेंद्रिय कर्ब ठीक, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश मध्यम.

स्फुरद कमी, तेही खड्डा भरताना सुपर फॉस्फेट घालून! याचं कारण तिथल्या एका साहेबांनी शांतपणे समजावून सांगितलं. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. पाण्यात लगेच विरघळणारा स्फुरद घातला की ते दोघं त्याला धरून बसतात, मुळांपर्यंत फारसा पोचू देत नाहीत. हाडं-काट्यांमधला स्फुरद मात्र वेगळा. तो चुन्याशी बांधलेला असतो आणि आम्लधर्मी मातीतच हळूहळू विरघळतो, वर्ष-दोन वर्षं थोडा थोडा मिळत राहतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हाच काट्याचा स्फुरद तसाच पडून राहील. म्हणजे आमचे जुने लोक माडाच्या आणि आंब्याच्या मुळाशी मासळी पुरायचे त्याला कारण होतं. आणि म्हणूनच, एकदा तोंड भाजलेलं असूनही, मी पुन्हा मासळीखताकडे वळले. या वेळी बिनमिठाचं शोधायचं ठरवून.

त्याआधी झाडाची डागडुजी. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूची जांभ्याची भिंत फोडून फूटभर रुंद चर बाहेर काढला आणि त्यात दगडगोटे भरले, म्हणजे पाणी आत न थांबता निघून जाईल. मेलेली मुळं छाटली. रायवळ फुटवा जोडाखाली सालीलगत कापला, जोड उघडा केला. फेब्रुवारीत अर्धा किलो शिंपल्यांचा चुना आळ्यात मिसळला. चुना आणि मासळीखत एकत्र कधीच घालू नका, चुन्यामुळे खतातलं नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत जातं. राखेचंही तेच. मी मध्ये तीन महिने जाऊ दिले, महिनाभर तरी जाऊ द्यावा.

मे महिन्यात हर्णैला गेले. लिलाव संध्याकाळी असतो, मी मुद्दाम दुपारी गेले, बायका जरा मोकळ्या असताना. वाळवण जमिनीवर नव्हतं, बांबूंच्या मांडवावर जाळ्या टाकून त्यावर होतं, हे मला पहिल्यांदा आवडलं. वाळूत वाळवलेल्या मासळीत वाळूचंच वजन जास्त येतं. मी आधीची कथा सांगितली. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, खान्याची मासळी येगळी, खताची येगळी. ह्याला मीठ लावून आमाला काय मिळनार? मीठ काय फुकट हाय? तुमी पान्यात टाकून बघा."

मी खरंच बघितलं. घरून दोन काचेचे पेले आणि दोन ताटल्या नेल्या होत्या, आणि जुन्या विक्रेत्याच्या खतातली उरलेली मूठभरही. दोन्ही खतं एक-एक चमचा पाण्यात ढवळून, फडक्यातून गाळून, ते पाणी स्टीलच्या ताटल्यांत उन्हात ठेवलं. मेच्या उन्हात तासा-दीड तासात सुकलं. जुन्याच्या ताटलीत पांढरे चमकणारे कण, बोटाला खरखरीत. हर्णैच्या ताटलीत पिवळट चिकट थर, मीठ दिसेल असं काही नाही. मासळी समुद्रातली आहे, थोडाफार खार येणारच, पण दोन ताटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कोणाकडूनही मासळीखत घेणार असाल तर आंब्यासाठी ही परीक्षा केल्याशिवाय घेऊ नका.

मेमध्येच जायचं कारण असं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि पावसात वाळवणही होत नाही. खत हवं असतं मृगाच्या तोंडावर, तेव्हा बंदरावर ते शोधून मिळत नाही. कुरड्या-पापडांबरोबर याचीही बेगमी करून ठेवावी.

आता किती घातलं. विद्यापीठाची हापूससाठी शिफारस अशी की पहिल्या वर्षी कलमाला साधारण १० किलो शेणखत आणि त्याशिवाय १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश द्यायचं, दरवर्षी नत्र, स्फुरद, पालाश तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत न्यायचं. माझं कलम वयाने तीन वर्षांचं, पण अंगाने पहिल्या वर्षाचंही नव्हतं. मात्रा वयावर ठरवायची नाही, वजनावर ठरवायची, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या वर्षाची मात्रा धरली, आणि शेणखतातलं नत्रही त्यातच मोजलं, कारण मुळं अजून अर्धीच होती.

मासळीखतात नत्र ४ ते १० टक्के असतं, स्फुरद ३ ते ९, पालाश मात्र जेमतेम एक टक्का. मी नत्र आणि स्फुरद पाच-पाच टक्के धरले. वर्षात दीड किलो मासळीखत म्हणजे ७५ ग्रॅम नत्र. दहा किलो शेणखतातून ५०. अर्धा किलो निंबोळी पेंडेतून २५. दीडशे झाले. स्फुरद मासळीतूनच पुरतो. पालाशचा हिशोब मात्र जमेना, शेणखतातून पन्नासेक आणि बाकीच्यातून वीसेक ग्रॅम. उरलेल्यासाठी ६० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश घातलं. ज्यांना दुकानातलं काहीच नको त्यांनी चुलीतली राख वापरावी, फक्त मासळीखतानंतर महिनाभराने. मासळीखत एकट्याने झाडाचं पूर्ण जेवण होत नाही, हे विकणाऱ्या बायकांनीही सांगितलं नाही आणि मी विचारेपर्यंत मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

दीड किलो एकदम घातलं नाही. अर्धा किलो जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर. अर्धा किलो सप्टेंबरच्या शेवटी, जोर ओसरल्यावर. जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात घातलेलं नत्र खाली वाहून विहिरीला जातं, झाडाला नाही. तिसरा अर्धा किलो फेब्रुवारीत, पाणी देऊन. बुंध्यापासून दीड फूट दूर, गोल चर काढून, चार बोटं खोल. वर निंबोळी पेंड, वर माती, वर पातेरा. बुंध्याला टेकवायचं नाही आणि जोड पुन्हा झाकायचा नाही.

निंबोळी पेंड मी नुसत्या नत्रासाठी घालत नाही. मासळीखताला मुंग्या आणि वाळवी लागते, पेंडेच्या कडवटपणाने ती बरीच लांब राहते. पण पेंडेने कुत्री थांबत नाहीत. पहिल्याच रात्री शेजारच्या दोन कुत्र्यांनी अर्धं आळं उकरलं, तिसऱ्या रात्री कोल्ह्याची पावलं दिसली. रानडुकरं उतरतात अशा वाडीत तर हे खत उघड्यावर घालूच नये, ती कलम उलथून टाकतील. मी चरावर जांभ्याचे फुटके चिरे ठेवले आणि त्यावर करवंदीच्या काट्यांची जाळी. पंधरा दिवसांनी वास मेला की काढून टाकली.

वासाबद्दल खरं तेच सांगते. पोतं पडवीत ठेवता येत नाही. आणताना एसटीत घेतलं नसतं, म्हणून टेम्पोचे दीडशे रुपये वेगळे गेले. जमिनीत चार बोटं पुरल्यावर चार-पाच दिवस वास येतो, मग जातो. ज्यांच्या घराची भिंत झाडाला लागून आहे, किंवा शेजारी मासळी न खाणारे आहेत, त्यांनी अर्धा किलो मासळीखत दहा किलो शेणखतात मिसळून, ओलं गोणपाट टाकून, लांब कोपऱ्यात महिनाभर कुजवावं आणि मग घालावं. माझ्या नणंदेने तिच्या चिकूला तसं घातलं, वास जवळजवळ नव्हता.

झाडाने काय केलं? जून आणि जुलै, काही नाही. मी रोज सकाळी जाऊन बघायची. आळ्यात पाणी थांबत नव्हतं, चरातून वाहत होतं, तेवढाच दिलासा. २२ ऑगस्टला शेंड्याला डोळा फुगलेला दिसला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तांबूस, लोंबती, मऊ पालवी आली, नऊ पानं. ती हिरवी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कडा जळल्या नाहीत. दिवाळीच्या सुमाराला आणखी एक पालवी, मार्चमध्ये तिसरी. मे २०२५ ला उंची तीन फूट दोन इंच, पानं चौपन्न. या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मात्रेकडे निम्मी वाट चालले, म्हणजे जूनमध्ये पाऊण किलो, सप्टेंबरमध्ये पाऊण. काल मोजलं तेव्हा चार फूट सात इंच होतं. पानं मोजणं सोडलंय.

याचं श्रेय एकट्या खताला देणं अन्याय होईल, आणि खताला न देणंही अन्याय होईल. चर काढल्यावर आणि फुटवा कापल्यावर झाड तसंही सावरलं असतं, पण इतक्या लवकर नाही असं मला वाटतं. कारण माझ्याकडे ताडून बघायला दोन माड आहेत. एका माडाला हे मासळीखत, दुसऱ्याला नुसतं शेणखत. दोघांची मुळं धडधाकट, दोघांचं पाणी सारखं. मासळीखतवाल्या माडाची नवी झावळी वर्षभरातच गर्द हिरवी आणि लांब झाली, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ओळखू येते. कढीलिंबाने तर दोन महिन्यांत फरक दाखवला.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापते तो वासासाठी नाही, वास हा त्याचा धर्म आहे. कापते तो पोत्यासाठी. साधं प्लास्टिकचं पोतं, वर दुसऱ्याच कुठल्यातरी पशुखाद्याचं नाव छापलेलं. कधी वाळवलं, कोणती मासळी, मीठ आहे की नाही, किती घालायचं, एक अक्षर नाही. तोंडाची शिवण सैल, त्यामुळे पावसाळ्यात दमट हवेने गठ्ठे झाले आणि जुलैत त्यात किडे झाले. मी आता झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ओतून ठेवते, वर निंबोळी पेंडेचा थर टाकून, म्हणजे टिकतं. आणि एका पोत्यातला कुटा बारीक, दुसऱ्यात (शेजारच्या वहिनींनी घेतलेल्या) बोटाएवढे काटे, असं होतं. मोठा काटा विरघळायला वर्षानुवर्षं लागतात आणि अनवाणी पायात घुसतो. कुटून झाल्यावर चाळणी मारायला हवी.

हे सगळं मी त्यांना जाऊन सांगितलं. वाईट वाटून न घेता त्यांनी ऐकलं. चाळणीचं म्हणाल्या करतो, पण वेळ लागेल, कुटणारं यंत्र भाड्याचं आहे. चिठ्ठीचं मीच लिहून दिलं, आरोग्य केंद्रात औषधाच्या पुड्यांवर लिहायचे तसं, मोठ्या अक्षरांत: "बिनमिठाची मासळी. वाळवल्याचा महिना ____. छोट्या कलमाला एका वेळी अर्धा किलो, बुंध्यापासून दीड फूट लांब, मातीखाली. चुना किंवा राख याच्याबरोबर घालू नये. आळ्यात पाणी साचत असेल तर आधी पाणी काढावं." शंभर प्रती दापोलीला झेरॉक्स करून दिल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन पोत्यांसाठी जाणार आहे, तेव्हा कळेल चिकटवल्या की नाही.